पिशवीतले एकोणीस फोन

डोंगरावरच्या त्या गावात फोन सगळ्यांकडे होते, पण ते चालायचे खाली, शहरात. सकाळी सातच्या बसने कंडक्टर मावशी निघाली, की लोक आपापला फोन तिच्या कापडी पिशवीत टाकत. घाट उतरताना बस सोळाव्या वळणावर आली, की पिशवी एकदम जागी व्हायची. कुणाची घंटी, कुणाचं गाणं, कुणाचा कोंबडा. रात्री लिहून ठेवलेले निरोप आपोआप सुटायचे, शहरातले आपोआप येऊन पडायचे. दिवसभर फोन डेपोच्या कपाटात राहायचे आणि दुपारी चारला घरी परतायचे. "आमचे फोन नोकरीला जातात, आम्ही बसून खातो," असं लोक हसत म्हणायचे. टॉवर येणार, टॉवर येणार, हे ऐकून सहा वर्षं झाली होती. एवढ्याशा गावासाठी तो परवडत नाही म्हणे.

मावशीचा एकच नियम होता. पिशवीत हात घालायचा नाही. पूर्वी एकदा एका सुनेच्या फोनवर तिच्या माहेरचा निरोप दिसला आणि मावशीने चांगल्या मनाने तो भर बसमध्ये सांगून टाकला. त्या घरात आठ दिवस चूल नीट पेटली नाही. तेव्हापासून मावशीने कानाला खडा लावला. फोन वाजो, थरथरो, नाहीतर नाचो, ती बघायची नाही.

त्या आठवड्यात तिच्या नातवाला ताप होता. पाच वर्षांचं पोर, एरवी घर डोक्यावर घेणारं, तीन दिवस उशीला चिकटून होतं. आदल्या दिवशी नर्सबाईंनी त्याचं रक्त काढलं आणि मावशीनेच ती बाटली शहरातल्या तपासणी केंद्रात पोचवली. आज निघताना नर्सबाईंनी आपला फोन पिशवीत टाकला.

"रिपोर्ट यावरच येईल. तोवर तापाचं गुलाबी औषध आठ-आठ तासांनी. सकाळी आठ आणि दुपारी चार. मुलीला बजावलंय, वेळ चुकवू नको."

"चुकवेल कशी?" मावशी म्हणाली. "कंडक्टरची मुलगी आहे."

शहरात पोचल्यावर तिने नेहमीसारखी पिशवी कपाटात ठेवली. डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत फुकटचं नेट होतं. ड्रायव्हर मंडळी त्यावर कुस्त्या बघत होती. दहा वाजता कपाटात एक फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

"मावशी, तुमचं कपाट बोलावतंय," कुणीतरी म्हणालं.

"बोलावू दे. माझं नाही ते." तिने पिशवीवर स्वेटर टाकला आणि दार लावून घेतलं.

अकराला वाजला. बाराला वाजला. एक वाजता ती पिशवी घ्यायला गेली, तेव्हा स्वेटरखालून उजेड येत होता. तिने नको नको म्हणत पाहिलं. नर्सबाईंचा फोन. पडद्यावर तपासणी केंद्राचं नाव.

 नियम गेला उडत. मावशीने फोन कानाला लावला.

"अहो, सकाळपासून फोन करतोय!" पलीकडचा माणूस वैतागला होता. "मेसेजही टाकलाय. त्या मुलाच्या प्लेटलेट्स फार कमी झाल्यात. चिठ्ठीत लिहिलेलं ते गुलाबी औषध ताबडतोब बंद करा, त्याने रक्तस्राव होऊ शकतो. मुलाला मोठ्या दवाखान्यात आणा, डॉक्टरांना कळवलंय. फोन तरी उचलायचा ना!"

"तो माझा नातू आहे," ती म्हणाली.

आता गावाला कळवायचं कसं? गावातला प्रत्येक फोन तिच्याच खांद्याला लटकत होता. जुन्या तारेच्या फोनचे खांब दोन वर्षांपूर्वी पडले, ते पडलेलेच. भरल्या शहरात, जिथे पानवाल्याच्या मुलालाही क्षणात जगातली बातमी कळते, तिथे उभं राहून तिला एका घरापर्यंत तीन शब्द पोचवता येत नव्हते. औषध देऊ नकोस.

ती नियंत्रकाच्या खिडकीशी धावली. "साहेब, आत्ता सोडा गाडी."

"दीडची गाडी दीडला. वेळापत्रक काय तुमच्या घरचं आहे?"

कारण ऐकल्यावर त्याने मान खाली घातली आणि शिक्का मारला. दहा मिनिटं वाचली. ती दहा मिनिटं घाटात एका बंद पडलेल्या ट्रकने खाल्ली.

मावशी तिकिटं फाडत होती आणि घड्याळ बघत होती. तीन वाजले. साडेतीन. एक आजोबा उतरताना पायरीवर गप्पा मारत थांबले, तर तिने त्यांना जवळजवळ ढकललंच.

"अगं, पडेन ना! आज काय लग्नाला निघालीस?"

 ड्रायव्हर नानांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडी आणखी दामटली. मुलीने एकदा तरी विसरावं, असं मावशी मनातल्या मनात विनवत होती. आजच्या दिवस आळशी हो गं. डुलकी लागू दे तुला.

बस गावात शिरली तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती. मावशी उतरली ती पळतच सुटली. मुलगी दारात चमचा विसळत होती.

"दिलंस?"

"हो, बरोबर चारला. का गं? आई, अशी काय बघतेस?"

 मावशीने सांगितलं. मुलीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

बस रात्री गावात मुक्कामाला असे. नानांनी चहाचा कप खाली ठेवला आणि गाडी वळवली. "डेपोला काय सांगायचं ते मी बघतो. तुम्ही बसा."

पोराला कुठे धक्का लागता कामा नये, नर्सबाईंनी निघताना बजावलं होतं. मावशीने त्याला मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांचं कुंपण केलं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिला तोंडपाठ होता, आणि प्रत्येक खड्ड्याआधी ती पोराला अलगद वर उचलून धरत होती. सोळाव्या वळणावर तिचा फोन जागा झाला. तिने दवाखाना लावला.

"सकाळपासून किती वेळा दिलं औषध?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोनदा."

"नाका-तोंडातून रक्त?"

तिने पोराच्या चेहऱ्यावर उजेड धरला. नाकाखाली लालसर रेघ होती. आत्ताच आली होती की मघापासून होती, कोण जाणे.

"थोडं," ती म्हणाली. 

पोर पाच दिवस दवाखान्यात राहिलं. दोन रात्री परिचारिका त्याच्या नाकातला कापूस बदलत आणि मावशी त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत बसे. तिसऱ्या दिवशी आकडा चढला. चौथ्या दिवशी पोराने बिस्किट मागितलं. त्याच दुपारी मुलीने विचारलं, "आई, तो मेसेज आला कधी होता?"

खोटं बोलता आलं असतं. "दहा वाजून पाच मिनिटांनी," मावशी म्हणाली. "फोन माझ्या कपाटात वाजत होता. मी वर स्वेटर टाकला."

मुलीने पोराचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "तुला कुठे माहीत होतं." पण ती खिडकीकडे बघत म्हणाली.

मावशी पुन्हा कामावर आली त्या सकाळी तिने पिशवी घरीच ठेवली होती. बसपाशी लोक फोन घेऊन उभे होते.

"मला नाही जमायचं आता," ती म्हणाली. "ज्याचा त्याने खाली नेऊन आणावा."

"रोज सगळ्यांनी शेत, गुरं सोडून खाली जायचं?" नर्सबाईंनी विचारलं. "आणि माझ्या रिपोर्टांचं काय?"

 मग नर्सबाईंनी आपला फोन तिच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर कुलूप उघडायचा आकडा सांगितला. "वाजला की उचला. आला की वाचा."

मागून दुसऱ्याने आपला आकडा सांगितला, मग तिसऱ्याने. माहेरच्या निरोपाची ती सूनही पुढे आली. मावशी तिकिटांच्या कोऱ्या पाठीवर लिहीत गेली. एकोणीस आकडे. सातव्यावर थांबून तिने आधीचे सगळे पुन्हा एकदा वाचून पाहिले.

"मावशी, घाबरू नका हो," कुणीतरी म्हणालं.

तिने चिठ्ठ्या छातीशी खिशात ठेवल्या. आता कुणाचा मुलगा, कुणाची आई, कुणाचं रक्त, सगळं आधी तिच्याच डोळ्यांपुढे येणार होतं. तेही गावापासून अडीच तासांच्या अंतरावर. नानांनी हॉर्न दिला. बस घाटाकडे निघाली, आणि मावशी मांडीवर एकोणीस फोन घेऊन सोळाव्या वळणाची वाट बघत बसली.