'बरं हाय की' आणि चटणीची बरणी

मंगळवारी आमच्या स्वयंपाकघराचं इन्स्पेक्शन झालं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझा लेथ आहे, लोखंड कातायचं मशीन; काम त्या मशीनपाशी उभं राहून स्वतः शिकलोय, केसाएवढा फरक मला चालत नाही. पण असलं इन्स्पेक्शन मी पाहिलं नव्हतं...

सौ. सुजाताला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे सांधे सुजवणारा आमवात. ओपीडीत डॉक्टर विचारणार, "कसं आहे?" आणि ही म्हणणार, "बरं हाय की!" कोल्हापूरचा माणूस सलाईन चालू असतानाही हेच सांगतो.

या वेळी डॉक्टरांना ते पटलं नाही. बोटांचा एकेक सांधा दाबून पाहिला आणि म्हणाले, "आमची टीम घरी येऊन जाईल."

घरी सिस्टर आणि थेरपिस्ट मॅडम आल्या. मला वाटलं बीपी बघतील, व्यायाम सांगतील... मॅडम म्हणाल्या, "काकू, चहा टाका की." आणि दोघी नुसत्या हिच्या हातांकडे बघत बसल्या.

साखरेचा डबा उघडेना. मॅडमनी उठून बाकीचे डबे चाचपले, कांदा-लसूण चटणीची बरणीसुद्धा. "एवढं घट्ट कोण लावतंय?"

"आमचं इंजिनियर! झोपायच्या आधी फिरून एकेक झाकण पिळतंय. ढिलं दिसलं की जीव जातोय त्यांचा."

"मग तुम्ही उघडता कसं?"

"शेजारच्या वहिनी देत्यात की उघडून..."

हे मला तेव्हा कळलं. मॅडमनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, झाकण नुसतं ठेवायचं. हा पण औषधाचाच भाग."

शुक्रवारी ओपीडीत गेलो. डॉक्टरांनी 'कसं आहे' विचारलंच नाही. "काकू, चटणीची घट्ट बरणी उघडते?" स्वयंपाकघरात दिसलेलं त्यांच्या टेबलापर्यंत बरणीसकट पोहोचलं होतं!

सुजातानं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. "न्हाय उघडत हो डॉक्टर... लई दुखतंय." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

औषध त्याच दिवशी बदललं. फरक पडायला वेळ लागेल, तेही स्पष्ट सांगितलं. या लोकांच्या कामाला माझा सलाम... मी सहसा कुणाच्या कामाला पास म्हणत नाही.

आता घरात एकही झाकण घट्ट नाही. बघवत नाही मला... पण हात मागं बांधून बघतो.