नलिनीताईंनी वणव्याचा सिनेमा मध्येच थांबवला

दिग्दर्शिका नलिनीताई खानविलकर यांची आणि माझी ओळख माझ्या नवघरच्या गाळ्यात झाली. मी सिनेमासाठी आग लावतो. हे काम मी कुठल्या संस्थेत शिकलो नाही. वेल्डिंगच्या दुकानात नळ्या कापता कापता आगीचा स्वभाव समजत गेला, आणि आज माझ्या हाताखाली तयार झालेली माणसं दुसरीकडे मुख्य म्हणून काम करतायत. माझ्याकडे येणारा प्रत्येक दिग्दर्शक आधी विचारतो, आग केवढी मोठी दिसेल? नलिनीताईंनी चष्मा कपाळावर चढवून ज्वाळा काढणाऱ्या गॅसच्या नळ्यांची छिद्रं न्याहाळली आणि म्हणाल्या, "शिर्के, ही विझते कशी ते आधी दाखवा." मी व्हॉल्व्ह फिरवून दाखवलं. "परत." परत दाखवलं. तेव्हा काम ठरलं.

सिनेमा रायगडातल्या एका खऱ्या वणव्यावर होता. डोंगरावर गवत कापायला गेलेल्या बायका धुरात अडकल्या आणि गावातल्या एका टेम्पोवाल्याने त्यांना खाली आणलं. लक्ष्मी नावाची एकच बाई मागे राहिली, ती वाचली नाही. तिची लहानगी मुलगी रेश्मा हिला लक्ष्मीच्या जावेने, यमुनाबाईंनी, पोटच्या पोरीसारखं वाढवलं.

चित्रीकरणात ताईंचा एक नियम होता: आगीजवळ उभं राहणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर सुतीच कपडा हवा. एकदा गर्दीतल्या एका बाईने नायलॉनची साडी नेसलेली त्यांना दिसली. त्यांनी काम थांबवलं. प्रॉडक्शनचा माणूस वैतागला, "मॅडम, ही पार मागे आहे, दिसणार पण नाही."

"पेटली तर दिसेल ना?" ताई म्हणाल्या, आणि स्वतःच्या बॅगेतली साडी काढून त्या बाईंच्या हातात दिली. ती साडी त्यांनी परत मागितली नाही.

पण ताईंची खरी ओळख त्यांच्या दुसऱ्या एका पद्धतीत आहे. ज्यांची गोष्ट, त्यांनी सिनेमा सर्वांच्या आधी पाहायचा आणि नको ते सांगायचं. युनिटमध्ये आम्ही याला 'घरचा खेळ' म्हणायचो. त्याप्रमाणे यमुनाबाईंना इंद्रलोक वसाहतीतल्या ताईंच्या फ्लॅटवर बोलावलं. बोलावणं त्यांना एकटीलाच होतं. पण गावाहून येणारी बाई एकटी येत नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. त्यांच्यासोबत रेश्मा आली, कॉलेजात जाणारी, चुणचुणीत.

यात अडचण होती. त्या दिवशी लक्ष्मी टेम्पोच्या मागून धावत येत होती. थांबलो तर सगळेच जळू, हे ओळखून टेम्पोच्या पत्र्यावर थापा मारत "चल, हाण गाडी!" असं ओरडल्या त्या यमुनाबाईच. हे त्यांनी फक्त ताईंना सांगितलं होतं. "दाखवा," म्हणाल्या होत्या, "तवर मी रेश्माला सांगते."

तो प्रसंग जवळ आला तसं ताईंनी यमुनाबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सिनेमा थांबवला. "अडकलं वाटतं. चहा घेऊ या."

मी उठलो. "अडकलेलं नाहीये ताई, बघू मी?"

"शिर्के, अडकलंय."

ताई यमुनाबाईंना घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मी कप आणायला त्यांच्यामागे गेलो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"सांगितलंत तिला?"

"न्हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "रोज ठरवते. आता टीवीवर दिसंल, कळंल. बरंच हाय."

"टीव्हीवरून नको. तुमच्या तोंडून कळू दे. नाही जमलं तर मी तो भाग कापते."

"कापलात तर शिनेमात काय राहील?"

"ते मी बघते."

मला राहवलं नाही. त्या शॉटमधली आग हे माझं सर्वांत चांगलं काम होतं. मी म्हणालो, "ताई, तो काढला तर टेम्पो का सुटला हे लोकांना कळणारच नाही."

"नाही कळलं तरी चालेल."

यमुनाबाईंनी चहा घेतला नाही. रेश्माला घेऊन त्या गॅलरीत गेल्या आणि दार ओढून घेतलं. काचेतून दोघींच्या पाठी दिसत होत्या. एकदा रेश्माचा आवाज चढला, "आणि तू मला आज सांगतेस?" नंतर काही ऐकू आलं नाही.

मग रेश्मा एकटीच आत आली. डोळे लाल होते. म्हणाली, "पुढचं लावा. आणि काकीला आत बोलवा, नाहीतर ती तिथेच उभी राहील."

सिनेमात टेम्पो सुटला, पडद्यावरची लक्ष्मी किंचाळली. रेश्माने मान न वळवता विचारलं, "आईने अशी हाक मारली होती?"

"धुरात आवाज निघत न्हाय गं," यमुनाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्या शॉटमधली किंकाळी काढली, संगीत काढलं. उरल्या पत्र्यावरच्या थापा आणि गवताची तडतड. माझ्या ज्वाळाही अर्ध्यावर कापल्या. ज्वाळा पूर्ण हव्या होत्या, असं माझं मत आजही आहे आणि ते मी ताईंना तोंडावर सांगत असतो. त्या ऐकून घेतात. बदलत मात्र काही नाहीत.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी यमुनाबाईंना चार शब्द मागायला मी फोन केला. फोन रेश्माने उचलला. "काकी, सिनेमावाले काका," अशी हाक ऐकू आली आणि मागून उत्तर, "सांग त्यांना, मला लिवता येत न्हाय. तूच सांग काय त्ये. तुला समदं ठावं हाय."

रेश्माने बरंच सांगितलं, ते तिच्या नावाने याच ग्रंथात पुढे छापलं आहे. मी माझ्यापुरतं एवढंच मागतो: नलिनीताईंना उदंड आयुष्य मिळो, गुडघे आणि डोळे शेवटपर्यंत साथ देवोत, आणि चालू सिनेमा थांबवणारा त्यांचा हात असाच धीट राहो.