रंकाळ्यात बुडालेली 'सलामती'

परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, ते आधी सांगून टाकतो. आमच्या इनामदारांसाठी शिडाची होडी पारखायला मी कोकणात उतरलो, तेव्हा मी समुद्र पाहिलेला नव्हता. होडीत म्हणाल तर जन्मात एकदा बसलो होतो, पंचगंगेच्या पुरात. आणि तीही होडी नव्हती, गूळ शिजवायची काहील होती.

तरीही मलाच धाडलं, त्याला माझा स्वभाव कारण. मी कमी बोलणारा माणूस. कोल्हापुरात लोक शेजाऱ्याला साधं 'जेवलास का' विचारतात तेही शड्डू ठोकल्यासारखं. तिथं गप्प बसणाऱ्याला एकतर मुका समजतात, नाहीतर जाणकार. आबासाहेब इनामदारांचे बैल मी पंधरा वर्षं पारखले. जनावराभोवती तीन फेऱ्या मारायच्या, तोंड उघडायचं नाही, आणि शेवटी "हूं" म्हणायचं. त्या हुंकारावर माझं घर चाललं होतं.

आबासाहेब मुंबईला जाऊन आले ते डोक्यात शीड घेऊनच. साहेबलोक संध्याकाळी पांढरी शिडं लावून हवा खातात, मग आपण रंकाळ्यात का खाऊ नये? त्यातच गुळाच्या एका व्यापाऱ्यानं बातमी आणली. विजयदुर्गच्या खाडीवर एका म्हाताऱ्या तांडेलानं (होडीच्या मुख्य नाखव्यानं) आपली जुनी होडी नव्यासारखी करून विकायला काढली होती. मी म्हणणार होतो की मला यातलं काही कळत नाही. पण आबासाहेबच म्हणाले, "जनावर पारखणाऱ्याला लाकूड पारखायला काय लागतंय? त्ये तर लाथ बी मारत न्हाय."

मी म्हणालो, "हूं."

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी निघालो. पोटात उपासाची रताळी आणि बुडाखाली सखबाचा लाकडं वाहायचा लांब गाडा. सखबा म्हणजे आबासाहेबांचा गाडीवान. तो बैलांशी अदबीनं बोलतो आणि माणसांना हाकतो. राधानगरीला महाराजांच्या धरणाचं काम चाललं होतं. दगड फोडणाऱ्यांचा आवाज डोंगराडोंगरांतून येत होता. एका मुकादमानं विचारलं, "कुठं, पावणं?"

"व्हडी आनायला," सखबा म्हणाला.

"आरं, आधी पानी तर साठू दे की!"

पुढं दाजीपूरचं रान लागलं आणि मग फोंड्याचा घाट. घाट उतरताना सखबानं चाकांना मागून ओंडका बांधला, देवाचं नाव घेतलं आणि मला खाली उतरून चालायला लावलं. म्हणाला, "बैलं मालकाची हायती, अण्णा. तुमचं तुम्ही बघा." चौथ्या दिवशी एका टेकडीवरून समुद्र दिसला. भक्तिभाव वगैरे काही दाटून आला नाही. सखबानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "एवढं पानी, आन् प्यायला घोटभर न्हाय. ह्येला काय अर्थ हाय?"

गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढं कळेल. खाडीच्या काठी माडांची रांग, तिच्याखाली झावळ्यांचा मोठा मांडव आणि दारात हसनचाचा तांडेल. सत्तरीचे असावेत. डोळ्यांत मोतीबिंदू आलेला, पण बोटं अशी, की फळीवरून फिरवली की लाकडाची जात सांगावी. एके काळी ते या होडीतून माणसं बंदरोबंदर नेत. लग्नाची वऱ्हाडं, उरुसाला जाणारी, माहेरपणाला निघालेल्या लेकी. मग आगबोटी आल्या आणि उतारू तिकडं गेले. चाचांनी दोन पावसाळे खपून होडी दुरुस्त केली. तळ जुना सागाचाच ठेवला, वरच्या फळ्या बदलल्या, डोलकाठी नवी बसवली, शीड स्वतः शिवलं. आता त्यांचं पोट गावच्या होड्या दुरुस्त करण्यावर होतं, आणि त्या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे त्यांचा शब्द.

"मी हात लावलेली होडी अजून बुडूक नाय," ते म्हणाले. बढाई नव्हती त्यात. भाताला मीठ किती लागतं ते सांगावं, तसं सांगितलं.

होडीचं नाव 'सलामती'. लांबी चौदा हात. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. कुशीवर थाप मारली. खाली वाकून पोट पाहिलं. सुकाणू शेपटीसारखं धरून हलवलं. एका फळीत गाठ दिसली, तिच्याकडं मी इतका वेळ पाहत राहिलो की सखबा कानाशी येऊन म्हणाला, "भोवरा हाय का? अशुभ?"

मग सौदा. आमच्याकडं जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतीच्यांना पत्ता लागत नाही. मी सवयीनं उपरणं सोडलं, हातावर टाकलं आणि चाचांपुढं धरलं.

चाचा त्या झाकलेल्या हाताकडं पाहत राहिले. "तुमचो हात दुखता काय?"

सखबानं रीत समजावून सांगितली. म्हातारा पोट धरून हसला. मग माझं उपरणं नीट घडी घालून माझ्या खांद्यावर ठेवलं आणि म्हणाला, "अण्णानू, आमच्याकडे किंमत तोंडान् सांगतत. लपवूक काय चोरीचो माल आसा?" आणि धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी किंमत सांगितली. वाजवी होती. मी "हूं" म्हणालो. सौदा झाला.

जेवायला उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिखलं (घट्ट, तिरफळं घातलेलं कालवण). मी तीनदा भात घेतला. सखबानं कमरेची पुरचुंडी सोडून कांदा-लसणाची चटणी काढली आणि त्यावर पेरली. "नाव तिखलं, आन् तिखट कुठाय?" चाचांनी चटणी बोटावर घेऊन चाखली, आणि पुढं बराच वेळ ते समुद्राकडं तोंड करून बसले.

तिसऱ्या दिवशी भरतीबरोबर चाचांनी मला होडीनंच खाडीतून वर खारेपाटणला सोडलं. बैल आणि गाडा सखबानं आधीच रस्त्यानं नेला होता. शीड भरलं आणि ती चौदा हातांची म्हातारी अशी निघाली, की मला आमच्या शर्यतीच्या खोंडाची आठवण झाली. तेवढीच आठवण झाली. पुढचं सगळं मी काठावरून बाहेर वाकून केलं. बांगडे आले त्या पाण्यात परत गेले. चाचा सुकाणू धरून शांतपणे म्हणाले, "जाणकारांका पण होडी लागता कधी कधी." त्यांना सगळं कळलं होतं, असं मला आता वाटतं.

खारेपाटणला होडी गाड्यावर चढवून बांधली. सखबा बैलांना पाण्यावर घेऊन गेला, तेव्हा चाचांनी मला बाजूला घेतलं.

"अण्णानू, एक ऐका. हिका सुकी ठेवू नका. उन्हात लाकूड आटता, फटी उघडतत, कितीही कापूस ठोकलेलो असो. घरी नेलास की आधी आठ दिस पाण्यात बुडवून ठेवा. लाकूड फुगता, फटी मिटतत. मगे पाणी काढा. आधी बुडवा, मगे ती तरंगतली."

मी म्हणालो, "हूं."

त्यांनी होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) तळहात ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि मागं न बघता निघून गेले. आपल्या गाईला दुसऱ्याच्या दावणीला बांधून परत जाणारी माणसं मी खूप पाहिली होती. ती अशीच जातात.

घाट चढायला आणि कोल्हापूर गाठायला सहा दिवस लागले. दर गावात लोक गोळा होत. घाटावरच्या माणसानं होडी रस्त्यानं जाताना कुठं पाहिलीय? एका म्हातारीनं हात जोडून विचारलं, "कुठल्या द्येवाची म्हनायची ही पालखी?" सखबा गंभीरपणे म्हणाला, "दर्यातल्या म्हसोबाची, आज्जी." झालं. पुढच्या गावांना आमच्याआधी बातमी पोचत गेली. नारळ फुटले, गुलाल पडला. कोल्हापूरच्या वेशीत शिरताना 'सलामती'त इतके नारळ होते की व्यापारच करायचा तर करता आला असता.

आबासाहेब खूश. होडी त्यांनी घरापुढच्या मोकळ्या पटांगणात ठोकळ्यांवर चढवून ठेवली. सावलीत नको, रस्त्यावरून दिसली पाहिजे. डोलकाठीला बैलांच्या शिंगांचे गोंडे बांधले. कोडोलीहून, कबनूरहून लोक गाड्या जुंपून पाहायला येत. आणि पाण्यात कधी घालायची? तर अक्षयतृतीयेला. चांगली गोष्ट चांगल्या दिवशीच करायची.

फाल्गुनाचं ऊन, मग चैत्राचं ऊन. मी रोज सकाळी होडीभोवती फेरी मारत असे. आधी फटींत नख जायला लागलं. मग चवलीचं नाणं उभं राहिलं. चैत्र संपता संपता आत वाकलं की फळ्यांमधून पलीकडून जाणाऱ्याचं धोतर दिसायला लागलं.

मला माहीत होतं. हेच कुणाला सांगितलेलं नव्हतं. तोंड उघडायला मी रोज जात होतो आणि रोज परत येत होतो. काय सांगणार? 'आबासाहेब, तरंगायला हवी असेल तर आधी बुडवा'? कोल्हापूरनं मलाच आठ दिवस बुडवून ठेवलं असतं. शिवाय विचारलं असतं, हे इतके दिवस का नाही बोललास? तुला ठाऊक होतं की तांडेलानं सांगितलं? मग तू कसला जाणकार? पंधरा वर्षांची 'हूं' एका वाक्यात गेली असती. म्हणून मनाची समजूत घातली, म्हातारे काहीही बोलतात.

अक्षयतृतीयेला रंकाळ्यावर निम्मं कोल्हापूर लोटलं. ताशे, शिंग, पेढे. आबासाहेब जरीचा फेटा बांधून होडीत उभे राहिले, आणि दोन पैलवानांनी ढकलून दिली. वीसेक हात गेली असेल. मग ती खाली जायला लागली. घाईनं नाही हो, अगदी रीतभात असलेल्या पाहुण्यासारखी, सावकाश, सरळ. पाणी आबासाहेबांच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, तरी ते मिशीवर हात ठेवून उभेच. शेवटी नुसता फेटा आणि मिशी राहिली, तेव्हा पैलवानांनी उड्या घातल्या. लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की जणू हाच कार्यक्रम ठरला होता.

आबासाहेब निथळत काठावर आले. "अण्णा, ह्ये काय?"

तेव्हा मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं बोललो. "तांडेलानं फसवलं, आबासाहेब. फटींत सडका कापूस भरला आणि वरून रंग दिला. लबाड माणूस."

आबासाहेब म्हणाले, "पैसं गेलं खड्ड्यात. त्येच्या बंदराला कळू दे." पत्र मीच लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. घाटाखाली जाणाऱ्या व्यापाऱ्याबरोबर ते गेलं आणि धक्क्यावर मोठ्यानं वाचलं गेलं. ज्या जागी चाचांनी मोठ्यानं किंमत सांगितली होती, त्याच जागी.

होडी रंकाळ्याच्या तळाशी नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी दोर लावून काढली, पाणी उपसलं, आणि ती तरंगली. थेंब आत येईना. फळ्या फुगून एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की नख शिरत नव्हतं. पेठेतल्या सुतारानं काठाला दोन खिळे मारले होते, त्याला आबासाहेबांनी फेटा बांधला. लोक म्हणाले, कोल्हापूरचा कारागीर तो कोल्हापूरचाच. मी फेटा बांधताना जवळ उभा होतो.

पावसाळ्यानंतर सखबा गुळाची खेप घेऊन खाली जाऊन आला. "चाचाकडं आता कोन व्हडी आनत न्हाय, अण्णा," तो म्हणाला. "तळ्यात बुडाली म्हनून हसत्यात. दर्यात बुडाली आसती तर येवढं हसलं नसतं." आणि त्यानं एक चिठ्ठी दिली. चाचांना लिहिता येत नव्हतं, कुणा मास्तराकडून लिहून घेतली असावी. शिवी नाही, तक्रार नाही. एकच ओळ होती :

'होडी पाण्यात घालण्याआधी किती दिवस उन्हात होती?'

ती चिठ्ठी मी कुणाला दाखवली नाही. अकरा वर्षं ती माझ्या पेटीत उपरण्याच्या घडीत आहे.

परवा आबासाहेबांनी बोलावलं. वय झालं, आता शीड झेपत नाही. म्हणाले, "अण्णा, व्हडी इकायची. कागदावर चार ओळी लिव्ह." मी लिहायला बसलो. 'जुनी, पण चांगली दुरुस्त केलेली शिडाची होडी विकणे आहे. लांबी चौदा हात. अकरा वर्षांत थेंब आत आलेला नाही.' मग लिहिलं, 'दुरुस्त करणारा : हसन तांडेल.'

आबासाहेबांनी वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "आरं, ह्यो तर लबाड हुता न्हवं? सुतारानं केली की."

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग? मी नुसता भिजलो हुतो." सखबाला विचारलं. तो म्हणाला, चाचा आहेत अजून. दिसत काही नाही, आता जाळी विणतात.

हे लिहिलं ते घरच्या वाचणाऱ्यांसाठी. चाचांना वाचता येत नाही, आणि त्यांच्या बंदराला मी लिहिलेलं एक पत्र पुरे झालं. होडी एक्कावन्न दिवस उन्हात होती. हे त्या धक्क्यावर उभं राहून, उपरणं खांद्यावरच ठेवून, चार माणसांत तोंडानं मोठ्यानं सांगणं मी हसनचाचांचं अजून देणं लागतो.