काढा कुठे औषध असतो!

तो हिवाळा मला सगळा वाफेतून बघितल्यासारखा आठवतो. लीड्समधलं आमचं छोटं किचन, खिडकीला चिकटलेलं धुकं आणि शेगडीसमोर पायजम्यात उभा असलेला माझा नवरा. माझ्या दोन्ही किडन्या दुखणाईत, आणि बीपी असं चढलेलं की जिना चढताना पायऱ्याच हलायच्या. कन्सल्टंट म्हणाले होते, प्रेशर उतरलं नाही तर डायलिसिस. चार गोळ्या चालू होत्या, तरी मेलं उतरायला तयार नव्हतं.

मग नवऱ्याच्या ऑफिसात कुणीतरी चायनीज औषधांचं दुकान सुचवलं. तो पार्किंग शोधत राहिला, मी आत गेले. तिथल्या वयस्कर बाईंनी माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटले. मला तर तिथेच अर्धं बरं वाटलं! पुडीत साली, मुळं, वाळकी पानं. एक काडी चावून बघितली तर काय, आपलं ज्येष्ठमध! खोकल्यावर आई द्यायची तेच. म्हटलं, हे तर घरचंच.

पुडी बांधता बांधता बाईंनी विचारलं, "हॉस्पिटलला सांगितलंय ना?" मी म्हणाले, "हो हो." पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलात कन्सल्टंटनी विचारलं, "गोळ्यांशिवाय आणखी काही घेता?" तिथे मी म्हणाले, "छे, काही नाही." काढा कुठे औषध असतो! सुंठ-तुळस उकळली म्हणून आपल्यात कुणी डॉक्टरला कळवतं का? नवऱ्याला मात्र सांगून टाकलं, डॉक्टरांना चालतंय म्हणून.

लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण या माणसाने मला कधी कपभर चहा करून दिला नव्हता. आता तो उजाडायच्या आधी उठायचा, काढा मंद आचेवर आटवायचा, गाळून कप माझ्या हातात द्यायचा आणि समोर बसायचा. लॅपटॉप बंद. "नाटकं नकोत, नाक दाब आणि पी," म्हणायचा. मी मुद्दाम घोट घोट प्यायचे. बाहेर कधी उजाडायचं ते कळायचंच नाही. डोकं जड, अंग तरंगतंय, आणि वाटायचं, आपण दोघं या वाफेतच राहतो. खरं सांगते, मी सुखात होते.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आले. प्रेशर आणखी वर, पाय सुजलेले. कन्सल्टंटनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, पण या वेळी नवरा सोबत होता. त्याने भाबडेपणाने पुडीवरची यादीच फोनवर दाखवली. त्यांचं बोट ज्येष्ठमधावर थांबलं. म्हणाले, याने प्रेशर चढतं. काढा त्याच दिवशी बंद केला. प्रेशर हळूहळू उतरलंही, पण तोवर किडन्यांचं जे गेलं ते गेलं. शेवटी डायलिसिसची तारीख मिळाली.

त्या दिवशी कार पार्कमध्ये तो गाडी सुरूच करेना. "मीच पाजलं गं तुला. माझ्या हाताने," म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. माझ्याने बघवेना.

"अरे, त्या बाईंनी विचारलं होतं. डॉक्टरांनीही. मी दोघांशी खोटं बोलले. तुझ्याशीही."

"पण का?"

काढा कुठे औषध असतो, हे तोंडाशी आलं होतं. गिळलं.

"ते नको म्हणाले असते, तर तू सकाळी उठला नसतास."