मांडीतल्या जखमेची नोंद

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत लोक मला जरा वचकूनच असतात. नोटीस बोर्डावर बिनतारखेचा कागद दिसला की मी तो काढतो आणि सेक्रेटरीच्या हातात नेऊन देतो. फौजेत पंचवीस वर्षं क्लार्क होतो, कागदाची खोड जात नाही. निवृत्त झाल्यावर माजी सैनिकांचे अर्ज लिहून देऊ लागलो. कुणाच्या बायकोचं नाव चुकलेलं, कुणाची जन्मतारीख, कुणाचं पदक नोंदलंच नाही. बिचारे पिशवीत कोंबलेले कागद घेऊन यायचे आणि मी आधी त्यांना झापायचो. "अहो, ही रेकॉर्ड आहेत की मंडईतली पालेभाजी?" मग अर्ज लिहून द्यायचो. आमची ही शाळेत शिक्षिका होती. चहा देताना ती प्रत्येकाला सांगायची, "ह्यांच्या हातून कधी कुणाचं काम अडलं नाही हो." आणि मी मान खाली घालून गालातल्या गालात हसायचो. आता ते हसू आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या उन्हाळ्यात एक जण उजवा पाय ओढत तीन जिने चढून आला. लिफ्ट बंद होती. गाव हडपसरच्या पलीकडचं, दोन बस बदलून आलेला. धापा टाकतच त्याने दारात सलाम ठोकला. "बाबूजी, वळखलं का? एका पलटणीतलं आपण."

ओळखलं होतं. 

त्याची तक्रार साधी होती. गावच्या मंडळाने लढताना जखमी झालेल्या सैनिकांचा सत्कार ठरवला होता. पहिलं नाव याचंच. मंडळाने पुरावा म्हणून त्याचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळणारं नोंदींचं पुस्तक, मागितलं. ते इंग्रजीत, याने आयुष्यात कधी वाचलेलं नाही. मंडळातल्या एकाने वाचलं, तर जखमेच्या रकान्यात काहीच नाही. पदकांच्या यादीत जखमी सैनिकाचं पदकही नाही. मंडळाने नाव काढलं. वर भर बैठकीत त्याच्या सख्ख्या जावयाने विचारलं, "मग मामा, पाय कशानं गेला?"

"त्या दिसापासनं लोक माझ्या पायाकडं बघत्यात, बाबूजी," तो म्हणाला. "मी खोटारडा झालो. लेक बी गप झाली. पदक मिळंल न मिळंल, पर जखम कागदावर पायजे. मरायच्या आदी पायजे." मग एकदम हसला. "पर तुमी घावला! पलटणीचा क्लार्कच घावला. देवच पावला म्हना की."

ही लगेच म्हणाली, "काळजी करू नका भाऊजी, होईल काम."

इथे थोडं सांगायला हवं. फौजेत माणसाच्या आयुष्यात जे जे घडतं ते पलटणीचा क्लार्क 'पार्ट टू ऑर्डर' नावाच्या कागदावर छापून रेकॉर्ड ऑफिसला पाठवतो. रजा, बढती, मूल, जखम, सगळं. तुमचं लग्न होऊन पोर रांगायला लागलं तरी ऑर्डर निघेपर्यंत सरकारच्या लेखी तुम्ही ब्रह्मचारीच. त्यामुळे ज्याचं काही अडलेलं असेल तो क्लार्कच्या टेबलाशी येऊन दोन गोड शब्द बोलायचा. "बाबूजी, तेवढं बघा ना." असा रिवाजच होता, आणि आम्हा क्लार्क लोकांचा मान म्हणजे तेवढाच. बाकी पलटण आम्हाला हसायचीच.

हाही हसला होता. पलटणीच्या मोठ्या जेवणाला, बाराखान्याला, सगळ्यांसमोर उभं राहून याने माझी नक्कल केली. खांद्याला रायफल लावावी तसा पेन धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "बाबूजींच्या रायफलीत शाई भरत्यात!" जवान हसले, सुभेदार हसले, कमांडिंग साहेबसुद्धा पोट धरून हसले. मी ताटात बघत बसलो. अंगाची आग आग झाली होती.

तीन आठवड्यांनी सीमेवरच्या चौकीवर तोफगोळा पडला आणि याच्या मांडीत त्याचा तुकडा घुसला. याला हॉस्पिटलला नेलं आणि जखमेचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला. पंधरा मिनिटांचं काम होतं. मी तो रिपोर्ट खणात सरकवला. येऊ दे की लेकाला टेबलाशी, म्हणू दे बाबूजी बघा, मग काढू. अहो, तो माणूस हॉस्पिटलात पाय टांगून पडलेला, आणि मी इथे त्याने चालत यावं म्हणून वाट बघतोय! हे मी केलं. शहाण्यासुरत्या, दोन मुलांचा बाप असलेल्या माणसाने केलं.

पुढे पलटण हलली. ट्रंका उघडल्या तेव्हा कागदांत तो रिपोर्ट सापडला. मुदत कधीच उलटून गेली होती. तेव्हा पाठवला असता तर इतका उशीर का, याचा जाब द्यावा लागला असता, आणि माझी बढती तोंडावर आलेली. खोलीत कोळशाची शेगडी पेटलेली होती. मी रिपोर्ट तिच्यात टाकला. हॉस्पिटलातून त्याला परस्पर दुसऱ्या पलटणीत धाडलं. माझी बढती झाली आणि घरी मी पेढे वाटले.

आता त्याच माणसाचा अर्ज मी माझ्या टेबलावर, माझ्याच हाताने लिहिला. सुरेख लिहिला. 'सदर नोंद अनवधानाने राहून गेली असावी.' अनवधानाने! तो जाताना माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरकलो आणि हिला वाटलं, काय हा विनय.

चार महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर घेऊन तो परत आला. हॉस्पिटलची जुनी कागदपत्रं नष्ट झालेली, त्या वेळचे अधिकारी हयात नाहीत. मात्र तेव्हाच्या क्लार्कने, नोंद का झाली नाही हे कारणासह साक्षीदारासमोर लिहून दिलं, तर विचार करू. तो नुसता फुलून गेला होता. "म्हंजी तुमीच की! द्या लिवून, बाबूजी."

मी लिहिलं, सरकारी इंग्रजीत. पलटण हलवण्याच्या गडबडीत रिपोर्ट गहाळ झाला, असं. मनात म्हटलं, त्याचं काम झाल्याशी कारण. सही करायला पेन टेकवणार, तेवढ्यात तो खुर्चीतल्या खुर्चीत अवघडून म्हणाला, "बाबूजी, एक मनात राहिलंय. त्या बाराखान्याला मी तुमची लई थट्टा केली व्हती. हॉस्पिटलात पडल्या पडल्या सारखं आठवायचं. वाटायचं, जाऊन माफी मागावी. ऱ्हाऊन गेलं. तेवढं पोटात घाला."

मला बसवेना. उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो. आणि सांगून टाकलं. खण, वाट बघणं, शेगडी, सगळं. त्याच्याकडे न बघता, भराभरा, एखादं पोर चोरी कबूल करतं तसं. सांगून झाल्यावर वाटलं, आता हा मारेल. मारावं असंच मला वाटत होतं.

तो मांडी चोळत राहिला. मग टेबलावरच्या कागदाकडे बोट करून विचारलं, "ह्यात हे लिवलंय का?"

"नाही."

"मग हे बी खोटंच की. रेकॉर्ड दुरुस्त करायचं म्हनताय, आन् एक खोटं पुसून दुसरं घालताय? लिवा, जसं घडलं तसं."

मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एवढा अवघड मजकूर कधी लिहिला नव्हता. मुद्दाम, हा शब्द लिहायलाच पाच मिनिटं लागली. लिहून झाल्यावर तो म्हणाला, "विंग्रजी मला येत न्हाई. मराठीत वाचा. मोठ्यानं."

मी वाचायला लागलो. ही चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. मला दिसत होतं ती उभी आहे ते. तरी वाचत राहिलो, शेवटपर्यंत. जाळला, हा शब्दही वाचला.

"साक्षीदाराची सही लागती," तो म्हणाला. "वहिनी, करता का?"

हिने ट्रे ठेवला, चष्मा लावला आणि सगळा कागद स्वतः परत वाचून काढला. मुलांच्या वह्या तपासताना वाचायची तशी, ओळ न् ओळ. सही केली, तारीख घातली. माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने कागदाची घडी खिशात घातली आणि चहा न घेता जिना उतरला. सलाम केला तो तिला.

घरात त्यानंतर भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. माझ्याकडे कुणी अर्जासाठी आलं की ती चहा द्यायची आणि काही न बोलता आत जायची.

या महिन्यात त्याचा फोन आला. मी उचलला. "वहिनींना द्या," एवढंच म्हणाला. मी दिला. ती "अरे वा, अभिनंदन, हो, येते की," असं बोलली आणि फोन ठेवला.

"पदक आलं त्यांचं. रविवारी गावात कार्यक्रम आहे. मला बोलावलंय."

"आणि मला?" विचारायला नको होतं.

"तुमचं काही म्हणाले नाहीत."

रविवारी तिने ठेवणीतली साडी नेसली आणि एकटीच हडपसरच्या बसला उभी राहिली. संध्याकाळी परत आली तेव्हा मी दारातच होतो.

"झालं का व्यवस्थित?"

"झालं. जावयाने लावलं पदक. ते तुमचं लिहून दिलेलं आहे ना, ते त्यांनी मराठीत करून घेतलं होतं. माईकवरून वाचायला लावलं, जावयालाच."

"सगळं?"

"सगळं. खाली सही कुणाची, तेही," ती म्हणाली, आणि साडी बदलायला आत गेली.