चौथीतला पहिला नंबर

नांदूरघाटच्या रस्त्याला उसाच्या शेंड्यांनी, वाढ्यांनी भरलेली गाडी पुढे आली की त्या ओल्या हिरव्या वासानं मला माझी चौथी आठवते. दिवाळी सरली आणि वर्गातली सगळी पोरं आईबापांसोबत ऊसतोडीला गेली. आमच्या घरी म्हशी होत्या, म्हणून मी एकटी उरले. बाई तरीही रोज पूर्ण हजेरी घ्यायच्या आणि प्रत्येक नावाला मीच उत्तर द्यायचे, "कोयत्यावर गेलंय, बाई." निकालात माझा पहिला नंबर आला. गोठ्यात शेण काढणारी आई हरखली. "लई हुशार हाय माझी लेक! आन् दुसरी कोण आली गं?" मी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आता माझी लेक पहिली आली की मीही तेच विचारते. तिनं झटकन दुसरीचं नाव सांगितलं की मगच पेढे आणते.