बिबवेवाडीच्या स्प्रिंगा

धायरीतल्या आमच्या कारखान्यात फवारणी पंपांचे व्हॉल्व्ह बनतात आणि तिथला खरेदी विभाग म्हणजे मी एकटा. लॉकडाऊननंतर आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला एकाएकी दूरदृष्टी आली. प्रत्येक भागाला दोन सप्लायर हवेत, एक आडवा झाला तर दुसरा उभा राहिला पाहिजे, असं त्यांनी कळवलं. मला हे मनापासून पटलं. कारण व्हॉल्व्हमधली छोटी स्प्रिंग वर्षानुवर्षं बिबवेवाडीच्या एका काकांकडून येत होती आणि काका मला अजिबात आवडत नसत.

"लवकर मिळेल का?" असं विचारलं की ते म्हणत, "मिळेल. लवकर म्हणजे काय ते आधी ठरवा." अलीकडे तर ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून मला असं सुनावत आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत तार गुंडाळायचं त्यांचं एकुलतं एक मशीन खडखडत असे. माल मात्र इतका चोख, की बोट ठेवायला जागा नाही. त्याचाही मला राग येई. काकू चहा देऊन लगबगीने मागे निघून जात. मी त्यांच्या पाठीला "छान झालाय" म्हणे.

शोधाशोध करून मी पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाला, खडकीचा एक सप्लायर गाठला. बोलायला गोड, उठता बसता साहेब साहेब करणारा. दर जरा जास्त, पण स्प्रिंगा तंतोतंत काकांसारख्या. "बघा, जगात काका एकटेच नाहीत," असं मी मालकांना ऐकवलं. पुढे तीन वर्षं निम्म्या स्प्रिंगा बिबवेवाडीहून आणि निम्म्या खडकीहून येत राहिल्या. मी इतर कारखानदारांना न मागता सल्ले देऊ लागलो.

मग एका सोमवारी काकांचा मेसेज आला. "दवाखान्यात ॲडमिट आहे. प्रकृती विचारायला फोन करू नये." शुक्रवारी व्हॉल्व्ह गेले नसते तर त्या गिऱ्हाइकाचं काम आमच्या हातून जाणार होतं, आणि त्यामागोमाग माझी नोकरीही. तरी मी शांत होतो. खरं सांगायचं तर थोडा खूशच होतो. याच दिवसासाठी तर सगळा खटाटोप केला होता. मी ऐटीत खडकीला फोन लावला आणि सगळी ऑर्डर सांगितली.

खडकीवाला म्हणाला, "साहेब, आता लपवत नाही. काका आजारी असतील तर माझ्याकडेपण माल नाही. मी त्यांच्याकडूनच घेतो. पिशवी तेवढी माझी."

म्हणजे तीन वर्षं बिबवेवाडीचा माल खडकी बघून धायरीला येत होता. स्कूटर काढून मी काकांचं घर गाठलं. काकूंच्या हातापाया पडायचं, मशीन चालवणारं कोणी ओळखीचं आहे का विचारायचं, एवढंच डोक्यात होतं.

मशीनचा आवाज रस्त्यावर येत होता. मागे जाऊन बघतो तर काकू चष्मा सावरत तारेचं माप घेत होत्या.

"काका घरी आले?" मी विचारलं.

"नाही. मुलगा आहे त्यांच्यापाशी. तुमच्या स्प्रिंगा गुरुवारी होतील."

"पण काकू, तुम्ही...?"

"यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मीच करते. दोन वर्षं झाली."

"कधी बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तुम्ही ऑर्डर दुसरीकडे नेली असतीत."

नेली असती. एका दिवसात नेली असती. चोख माल बघून मी दोन वर्षं काकांवर जळलो आणि तो करणारीच्या फक्त चहाला छान म्हणालो. मला मनापासून लाज वाटली.

चुकीची भरपाई करावी म्हणून मी मोठ्या मनाने म्हणालो, "काकू, त्या खडकीवाल्याचं नाव काढून टाकतो आणि दुसरा सप्लायर म्हणून तुमचं लिहितो."

त्यांनी मशीन थांबवलं नाही, मानही वर केली नाही.

"मला पहिली लिहा," त्या म्हणाल्या. "दुसरे हे. पण त्यांच्या भरवशावर राहू नका."